नित्याची वाट

तेल्याच्या घाण्याला जुंपलेला बैल तुम्ही कदाचित पाहिला नसेल. आता तसे घाणे फारसे उरले नाहीत. लाकडी घाण्याभोवती हा बैल सकाळपासून सायंकाळपर्यंत गोल फिरत असे. त्याच्या डोळ्यांवर झापडे बांधलेली असत. दिवसाकाठी त्याची कित्येक कोसांची चाल होई. परंतु संध्याकाळी झापडे सोडली, म्हणजे सकाळी जेथे उभा होता तेथेच तो उभा असे. म्हणूनच, जो मनुष्य रोज तेच काम त्याच रीतीने आणि डोळे मिटून करीत राहतो, त्याला आपल्या भाषेत ‘घाण्याचा बैल’ म्हणतात.

मुलांनो, मीही काही वर्षे असा बैल होतो. माझ्या डोळ्यांवरची झापडे एका बारा वर्षांच्या मुलाने सोडली. ती हकिकत आज तुम्हांला सांगणार आहे.

ठाणे शहरातील माजिवड्यापासून एक मोठा रस्ता निघतो. त्याला घोडबंदर रोड म्हणतात. आरंभी उत्तरेकडे जाऊन पुढे पश्चिमेस वळणारा हा सुमारे वीस किलोमीटरांचा रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गास जाऊन मिळतो. ठाण्याहून निघाले, म्हणजे डाव्या हातास येऊरचे डोंगर आणि उजव्या हातास उल्हास नदीची खाडी लागते. मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे ही जुनी गावे ओलांडीत रस्ता गायमुखाशी पोहोचतो. तेथे डोंगर आणि खाडी इतकी जवळ येतात, की दोहोंच्या मधून वाट काढताना रस्त्याला जणू अंग चोरावे लागते. शेवटी येते ते घोडबंदर. या बंदरात पूर्वी घोड्यांचा व्यापार चाले, म्हणून त्यास हे नाव पडले असे सांगतात. तेथील किल्ला मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला आणि पुढे दोन वर्षांनी वसईही सर केली.

अशा या डोंगरांच्या आणि खाडीच्या रस्त्यावर एका शाळेत मी १९८३ साली शिक्षक म्हणून रुजू झालो. माझे बिऱ्हाड ठाणे स्थानकाजवळ होते. रोज सकाळी ठरलेल्या वेळेची बस, ठरलेली खिडकीजवळची जागा आणि हातात वर्तमानपत्र. ते वाचून होई तोच शाळेचा थांबा येई. परतताना डोळा लागे. माझ्या नियमितपणाचा मला मोठा अभिमान वाटे. मला येताना पाहून शिपाई घंटेकडे वळत असे, एवढी माझी वेळ ठरलेली होती!

वर्गातही माझे तसेच चाले. सातवीच्या वर्गाला मी दर वर्षी तेच निबंध देई. प्रत्येक निबंधाचे मुद्दे एका जुन्या वहीत लिहून ठेवलेले होते. वही उघडावी, मुद्दे फळ्यावर लिहावे आणि मुलांनी ते वाढवून आणावे, अशी पद्धत. ‘माझी शाळेची वाट’ हा त्यांतलाच एक निबंध. सूर्याचे कोवळे किरण, पाखरांची किलबिल, डांबरी रस्ता, रस्त्याच्या दुतर्फा झाडे, शाळेची घंटा, असे त्याचे पाच मुद्दे होते.

१९९४ साली पावसाळा सरता सरता मी नेहमीप्रमाणे हा निबंध दिला. चाळीस वह्या जमा झाल्या. एकोणचाळीस वह्यांत कोवळे किरण होते, किलबिल होती, दुतर्फा झाडे होती. झाडे कोणती, हे एकाही वहीत नव्हते. चाळिसावी वही मात्र निराळीच निघाली.

ती वही मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाची होती. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावरून तो चालत शाळेत येई आणि आठवड्यातून दोनतीनदा तरी त्याला उशीर होई. त्याबद्दल मी त्याला कैक वेळा वर्गाबाहेर उभे केले होते. त्याच्या निबंधात माझा एकही मुद्दा नव्हता. शुद्धलेखनाच्या चुकांची तर गणतीच नको. त्याने लिहिले होते, की तो एकाच वाटेने सहसा येत नाही. कधी ओहोळाच्या काठाने येतो, कधी भाताच्या बांधावरून, तर कधी जुन्या विहिरीच्या मागून. विहिरीजवळ रुईचे झुडूप आहे आणि त्याच्या पानांवर पट्ट्यापट्ट्यांचे सुरवंट आहेत. ते किती वाढले हे पाहिल्यावाचून त्याचा पाय पुढे निघत नाही, म्हणून उशीर होतो.

मी त्या निबंधाला दहापैकी तीन गुण दिले. खाली तांबड्या शाईने शेरा लिहिला, ‘मुद्दे सोडून लिहिले आहे.’

त्या रात्री जेवण झाल्यावर मी पुढच्या तासाची तयारी करावयास बसलो. वर्गात नमुना म्हणून वाचून दाखवावा, यासाठी आपणच हा निबंध लिहावा असे माझ्या मनात आले. वरती ‘माझी शाळेची वाट’ असे शीर्षक घातले. किरण झाले, किलबिल झाली, डांबरी रस्ताही झाला. चौथ्या ओळीवर लेखणी अडली. दुतर्फा झाडे, हे खरे, परंतु कोणती? ओवळ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून काय आहे? खाडी प्रथम कोठून दिसते? काही केल्या आठवेना. मी मनाशी हिशेब केला. वर्षाला सुमारे दोनशे वीस दिवस शाळा, रोज दोन फेऱ्या आणि अकरा वर्षे. म्हणजे जवळजवळ पाच हजार वेळा मी त्या रस्त्याने गेलो होतो, आणि त्याच्याविषयी मला धड दहा ओळी लिहिता येत नव्हत्या!

एवढ्यावरच विचार थांबता, तर ती माझी एकट्याची गोष्ट झाली असती. पण मग मला ती जुनी वही आठवली. अकरा वर्षे मी दर वर्षी मुलांच्या हाती तेच पाच मुद्दे देत आलो होतो. डोळे उघडे ठेवून येणाऱ्या किती मुलांना ‘मुद्दे सोडून लिहू नका’ असे मी बजावले असेल? झापडे माझ्या एकट्याच्याच डोळ्यांवर नव्हती. मी ती इतरांच्याही डोळ्यांवर बांधीत आलो होतो. त्या रात्री मला उशिरापर्यंत झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या मुलाला बोलावले. शिक्षा होणार अशा समजुतीने तो खाली मान घालून उभा राहिला.

“तू लिहिलेस ते सुरवंट अजून आहेत काय?” मी विचारले.

“आहेत, सर.”

“मला दाखवशील?”

त्याने चमकून वर पाहिले. “एक थांबा आधी उतरा, सर. मी विहिरीपाशी उभा राहतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वर्षांत प्रथमच मी एक थांबा आधी उतरलो. वाहक म्हणाला, “मास्तर, आज चुकलात की काय?” खरोखर, मला क्षणभर तसेच वाटले.

रुईचे ते झुडूप माझ्या कमरेएवढेही नव्हते. मारुतीला ज्या पानांची माळ घालतात, तीच ही रुई. मुलाने एक पान हलकेच उलटून दाखवले. “चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, सर,” त्याने बजावले. पानाच्या मागे मोहरीपेक्षाही लहान असे एक फिकट अंडे होते. पलीकडच्या पानावर काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांचा एक सुरवंट पान कुरतडीत होता. दुसरा मात्र अगदी निश्चल होता.

“तो आजारी आहे काय?” मी विचारले.

“नाही, सर. तो कात टाकणार आहे. अंगरखा तंग झाला, की तो खाणे थांबवतो. मग जुना फाडून बाहेर येतो. आत नवा तयारच असतो.”

हे त्याला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते. रोज थांबून पाहिल्यामुळे ते त्याला कळले होते. पुढे मी पुस्तके चाळली, तेव्हा त्याचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. सुरवंटाची कातडी एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. आतले शरीर मात्र वाढत राहते, म्हणून कात टाकावीच लागते. या जातीचा सुरवंट वाढता वाढता चार वेळा कात टाकतो आणि त्यानंतरच्या वेळी कातेच्या आतून कोश बाहेर येतो. रुईचा चीक विषारी असतो. तो खाऊन या सुरवंटाच्या अंगी विष साठते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीत. पंधरवड्यानंतर आम्ही दोघांनी त्याच झुडपावर एक हिरवट कोश पाहिला. त्यावर सोनेरी ठिपके होते. पुढे एके सकाळी तो कोश रिकामा होता आणि शेजारी नारिंगी पंखांचे, काळ्या कडांचे एक फुलपाखरू पंख वाळवीत बसले होते. मला वर्गावर जाण्यास त्या दिवशी चार मिनिटे उशीर झाला. शिपायाने घंटा देण्यापूर्वी दोनदा दाराबाहेर डोकावून पाहिले, असे मागाहून कळले.

आता तुम्ही म्हणाल, ‘म्हणजे उशिरा येणेच चांगले!’ तसे नव्हे. त्या मुलाचा आणि माझा एक करार झाला. त्याने घरून अर्धा तास आधी निघावे आणि घंटेपूर्वी वर्गात यावे. सुरवंट पाहावे, पण शुद्धलेखनही सुधारावे. माझ्या बाजूने मी ती मुद्द्यांची वही कायमची मिटली. त्याच्या निबंधाखालचा शेरा मी खोडला आणि वर्गात सर्वांसमक्ष सांगितले, की तो शेरा चुकीचा होता. शिक्षकाने आपली चूक वर्गात कबूल करावी, हे मला त्या दिवसापूर्वी कधी जमले नव्हते. तीही एक कातच होती.

सवय ही मुळात वाईट गोष्ट आहे काय? मुळीच नाही. दात घासताना, बूट बांधताना, अक्षर गिरवताना प्रत्येक हालचालीचा विचार करावा लागता, तर आपला दिवस तेवढ्यातच संपून गेला असता. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सवयीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. रोजच्या बारीकसारीक गोष्टी सवयीवर सोपवल्या, म्हणजे मन मोठ्या कामासाठी मोकळे होते, असे त्याचे म्हणणे आहे. ते खरेच आहे. तबलजी तोच बोल सहस्र वेळा घोटतो, तेव्हा कोठे त्याची बोटे आपोआप चालू लागतात आणि त्याचे मन गाण्याकडे लागते. प्रश्न एवढाच उरतो, की सवयीने मोकळे झालेले आपले मन जाते कोठे? माझे मन झोपी जात होते.

पुनरावृत्ती म्हणजे कंटाळा, अशी आपली समजूत असते. परंतु वारकऱ्यांकडे पाहा. आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची आणि देहूहून तुकाराम महाराजांची पालखी दर वर्षी पंढरपूरला जाते. वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले, अभंगही पिढ्यान् पिढ्या तेच. तरीही पंचवीसतीस वाऱ्या केलेला वारकरी आषाढ जवळ आला, की पहिल्याच वारीला निघाल्यासारखा उत्सुक होतो. त्याची वाट जुनी होत नाही, कारण त्याचे चित्त त्या वाटेवर असते. यावरून असे दिसते, की कंटाळा वाटेत नसतो. आपण वाटेवर असूनही तेथे नसतो, म्हणून तो येतो.

आणि जेथे चित्त जागे असते, तेथे एक लहानसे वेगळेपणही आयुष्याला नवी दिशा देते. सलीम अली हे जगप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ १८९६ साली मुंबईत जन्मले. बालपणी त्यांना छऱ्यांच्या बंदुकीने चिमण्या मारण्याचा नाद होता. त्या काळच्या पुष्कळ मुलांना तो असे. एके दिवशी त्यांनी पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ‘ही चिमणी नेहमीसारखी का नाही?’ असा प्रश्न त्यांना पडला. मामांनी त्यांना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे चिटणीस मिलार्ड यांनी तो पक्षी ओळखून दिलाच, शिवाय कपाटे उघडून संग्रहातील शेकडो पक्षी त्या मुलाला दाखवले. शिकारीचा नाद मागे पडून अभ्यासाचा ध्यास लागला, त्याचा आरंभ येथे झाला. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पुढे कित्येक पिढ्यांनी त्यावरून पक्षी ओळखावयास शिकून घेतले. चिमणी तर सर्वांनीच पाहिली होती. गळ्यावरचा डाग पाहून प्रश्न विचारणारा एकच निघाला.

माझ्या त्या रस्त्यावरही असे एक उदाहरण आहे. ओवळे गावी राजेंद्र ओवळेकर या शिक्षकांनी सुमारे दोन एकर शेतजमिनीवर फुलपाखरांची बाग फुलवली. फुलझाडे लावली, की फुलपाखरे येतात, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. फुलपाखरू फुलांतला मध पिण्यास येते. परंतु अंडी घालण्यास त्याला आपल्या सुरवंटांच्या खाद्याचे झाड हवे असते. कोणाला रुई लागते, कोणाला कढीलिंब, कोणाला कण्हेर. काळ्या मखमली पंखांवर निळे पट्टे असलेल्या ब्लू मॉरमॉनच्या सुरवंटाला लिंबाच्या कुळातील झाडे लागतात. हे फुलपाखरू २०१५ साली महाराष्ट्राने आपले राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले. अशी खाद्यझाडे आणि फुलझाडे शेजारी शेजारी लावली गेली, म्हणून ओवळ्याच्या त्या लहानशा जागेत फुलपाखरांच्या शंभराहून अधिक जातींची नोंद झाली. एरवी ज्यांना आपण ‘रान माजले’ म्हणून उपटून टाकतो, त्या झुडपांकडे कोणीतरी नव्याने पाहिले, त्याचे हे फळ आहे.

डोंगरावरची कारवी तर आणखी मोठा धडा देते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील ही झुडपे सात वर्षे नुसती हिरवी असतात आणि आठव्या वर्षी एकदमच जांभळ्या फुलांनी भरून जातात. बी धरले, की ती वाळून जातात. २०१६ साली कारवी फुलली, पुन्हा २०२४ साली फुलली. ज्याने त्या वर्षी मान वर केली नाही, त्याला पुढची आठ वर्षे वाट पाहणे भाग आहे.

तेव्हा मुलांनो, नित्यक्रम सोडू नका, पण त्यातले झापड सोडा. त्यासाठी हिमालयात जावे लागत नाही. एखादे दिवशी वर्गात दुसऱ्या मित्राशेजारी बसा. ज्याच्याशी कधी बोलला नाहीत, त्याला त्याच्या गावाविषयी विचारा. आजीच्या हाताखाली एक पदार्थ शिका. शाळेच्या वाटेवरील एका झाडाचे नाव शोधून काढा आणि वर्षभर त्याच्यावर लक्ष ठेवा. वाट बदलावयाची असेल, तर मात्र घरी सांगून आणि सोबत घेऊन बदला, कारण आजच्या रस्त्यांवर वाहनांची गर्दी फार आहे.

मी आता सेवानिवृत्त आहे. घोडबंदर रोड ओळखू येणार नाही इतका पालटला आहे. भातशेतीच्या जागी उंच इमारती आल्या, रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे राहिले. ती विहीर बुजली आणि रुईचे झुडूपही गेले. तो मुलगा पुढे कोठे गेला, हे मला कळले नाही. परंतु कामानिमित्त त्या बाजूला गेलो, की मी अजून एक थांबा आधी उतरतो. गेल्या पावसाळ्यात एका इमारतीच्या कुंपणाला लागून, सिमेंटच्या फटीतून उगवलेले वीतभर उंचीचे रुईचे रोप मला दिसले. मी वाकून त्याचे पान उलटले.

पानाच्या मागे एक अंडे होते.

शब्दार्थ

झापडे – जनावराच्या डोळ्यांवर बांधण्याची आच्छादने
कोस – अंतराचे एक जुने माप
बिऱ्हाड – राहण्याची जागा, घर
पाडा – लहान वस्ती
निश्चल – हालचाल न करणारा
कात – अंगावरून गळून पडणारी जुनी कातडी
चित्त – मन
ध्यास – सतत लागलेली ओढ

स्वाध्याय

१. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाला स्वतःचा निबंध चौथ्या ओळीपुढे का लिहिता आला नाही?
(आ) सुरवंटाला कात का टाकावी लागते?
(इ) फुलझाडे लावली, की फुलपाखरे येतात, हे अर्धेच खरे का?

२. सविस्तर उत्तरे लिहा.
(अ) ‘तीही एक कातच होती,’ असे लेखक कोणत्या प्रसंगी म्हणतो? त्याचा अर्थ स्पष्ट करा.
(आ) वारकऱ्याची वाट आणि घाण्याच्या बैलाची वाट यांतील साम्य व भेद सांगा.
(इ) त्या मुलाला तीन गुण देणे योग्य होते काय? तुमचे मत कारणांसह लिहा.

३. वाक्यात उपयोग करा.
अंग चोरणे, लेखणी अडणे, वाटेस न जाणे, कात टाकणे.

४. पुढील वाक्यांतील अव्यये ओळखून त्यांचा प्रकार सांगा.
(अ) सुरवंट पाहावे, पण शुद्धलेखनही सुधारावे.
(आ) पाच हजार वेळा गेलो, तरीही दहा ओळी लिहिता आल्या नाहीत.

५. लेखन.
‘माझी शाळेची वाट’ या विषयावर पंधरा ओळी लिहा. या पाठातील लेखकाच्या जुन्या वहीतला एकही मुद्दा त्यात येता कामा नये.